कलत्या घरातला पडदा

घरात पडदा लावायचा म्हटलं तर काय काय लागतं? दोन खिळे, एक हातोडी, पडद्यात ओवायची ती स्प्रिंगची तार आणि स्टूल धरायला धाकटा भाऊ! खिळा वाकडा गेला तर भिंतीचा थोडा पोपडा निघतो, आई दोन शब्द ऐकवते, बाबा म्हणतात, "राहू दे, मी रविवारी बघतो." झालं, संपलं काम.

आता हाच पडदा एका छोट्या शिडाच्या नौकेत लावायचा आहे असं समजा. नौका फायबरग्लासची आहे. लांबी साधारण दहा मीटर, म्हणजे आपल्या एसटीच्या बसपेक्षाही थोडी कमीच. हातोडी उचललीत? थांबा, थांबा! आधी ती खाली ठेवा. कारण या घराची भिंत सरळ नाही. या भिंतीला खिळा चालत नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, या घरात 'खाली' ही दिशासुद्धा एका जागी राहत नाही!

पडद्यासारखी साधी गोष्ट, पण ती नौकेत नीट बसवायची म्हणजे डोकं चालवावं लागतं. ते कसं, हे आज पाहू.

होडीच्या पोटातलं घर

दहा मीटरच्या शिडाच्या नौकेला पोटात एक केबिन असते. उंच माणूस जेमतेम उभा राहील एवढी तिची उंची. दोन्ही बाजूंना रेल्वेसारखे बर्थ, एका कोपऱ्यात स्वयंपाकाची शेगडी, दुसऱ्या कोपऱ्यात नकाशे पसरायचं टेबल, वर छोट्या छोट्या खिडक्या आणि हात जाईल तिथे कप्पे. बस्स! महिनोन्‌महिने हेच घर.

जेसिका वॉटसन ही ऑस्ट्रेलियाची मुलगी १८ ऑक्टोबर २००९ रोजी सिडनीहून निघाली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिची 'एलाज पिंक लेडी' ही नौका अशीच, सुमारे ३४ फुटांची आणि फायबरग्लासची. त्या नौकेत एकटीने राहून, कुठेही न थांबता, जगाच्या समुद्रांवरून ती १५ मे २०१० रोजी परत आली. जवळजवळ सात महिने! या काळात शेजारी नाही, दुकान नाही, आणि काही तुटलं तर दुरुस्तीला सुतारही नाही. जे आधी पक्कं बसवलं असेल, तेच कामाला येणार.

पडदा हवाच कशाला?

तुम्ही म्हणाल, समुद्रात बघायला कोण येतंय? मग पडद्याचे एवढे लाड कशाला?

पण नौकेवरचा पडदा केवळ शोभेचा नसतो, बरं का. तिथे रात्र झाली म्हणून सगळे झोपत नाहीत. पाळ्या लावून आळीपाळीने जागावं लागतं. रात्री पहारा केलेला माणूस भर दुपारी झोपतो. त्याच्या डोळ्यांवर ऊन नको, म्हणून खिडकीला पडदा.

रात्री याच्या उलट. वर सुकाणूपाशी बसलेल्या माणसाला काळोखात दूरची जहाजं आणि लाटा दिसायला हव्यात. आपल्या डोळ्यांना काळोखाची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. आणि केबिनमधल्या दिव्याचा एकच झोत डोळ्यांवर आला की ती सवय क्षणात मोडते! शिवाय नौकेला रात्री डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा लावावा लागतो. त्यावरून दुसऱ्या जहाजाला कळतं, की ही नौका कुठल्या दिशेला चालली आहे. मध्येच खिडकीतून भलताच उजेड बाहेर पडला तर समोरच्याचा घोटाळा व्हायचा.

म्हणजे पडदा हा नौकेच्या सुरक्षेचा एक भागच झाला.

'खाली' म्हणजे कुठे?

शिडाची नौका वाऱ्यावर चालते तेव्हा ती एका बाजूला कलते. पंधरा-वीस अंश कलणं ही तर रोजचीच गोष्ट. तुमच्या इमारतीच्या जिन्याचा चढ आठवा. जरा जोराचा वारा असला की केबिनची जमीन जवळजवळ तेवढी तिरपी होते, आणि तासन्‌तास तशीच राहते. मग दिशा बदलली की दुसऱ्या बाजूला!

गवंडीकाकांचा ओळंबा तुम्ही पाहिला असेल. दोरीला लोंबणारं ते वजन नेहमी सरळ खाली बघतं. वरच्या बाजूनेच टांगलेला पडदासुद्धा ओळंब्यासारखाच वागतो. नौका डावीकडे कलली, की उजव्या भिंतीवरचा पडदा भिंत सोडून केबिनच्या मध्ये लोंबू लागतो. झोपलेल्याच्या तोंडावर आपटतो, दिव्याचा उजेड बाहेर सोडतो. आणि तो शेगडीच्या वरचा असला तर? पेटत्या बर्नरवर झुलणारं कापड! फायबरग्लासमधलं रेझिन पेट घेतं, हे लक्षात घ्या. भर समुद्रात आग लागली तर पळायचं कुठे?

पण कलणं तरी बरं म्हणायचं. वादळात एखादी प्रचंड लाट नौकेला सरळ आडवीच पाडते. बुडाशी शिशाचं किंवा लोखंडाचं जड वजन असतं, म्हणून नौका बाहुलीसारखी पुन्हा उभी राहते. जेसिकाची नौका जानेवारी २०१० मध्ये अटलांटिक महासागरातल्या वादळात एकापाठोपाठ चार वेळा अशी आडवी झाली होती. त्या क्षणी केबिनची भिंत ही जमीन होते आणि समोरची भिंत हे छप्पर!

आता एक हिशेब करू. केबिनची रुंदी अडीच मीटर धरा. नौका आडवी झाली आणि वरच्या बाजूच्या कप्प्यातून एक बंद डबा सुटला, तर समोर आपटेपर्यंत त्याचा वेग ताशी सुमारे २५ किलोमीटर होतो. उतारावर सायकल मोकळी सोडल्यासारखा! आता डब्याच्या जागी वीस किलोची बॅटरी ठेवून पाहा. नकोच ना?

१९७९ची ती रात्र

ही नुसती भीती नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडमधली प्रसिद्ध फास्टनेट शर्यत सुरू झाली. ३०३ नौका निघाल्या. इंग्लंडहून आयर्लंडच्या दक्षिणेला असलेल्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परत यायचं होतं. १३ आणि १४ ऑगस्टला भयंकर वादळाने त्यांना गाठलं. शर्यतीतले १५ जण प्राणाला मुकले.

त्या वादळात २४ नौका माणसांनी सोडून दिल्या. त्यांतल्या फक्त पाच बुडाल्या. उरलेल्या १९ नौका नंतर तरंगताना सापडल्या!

चांगली तरंगती नौका माणसं का सोडतात? कारणं अनेक होती. कुणाची डोलकाठी मोडली, कुणाच्या नौकेत पाणी शिरलं. पण नंतरच्या चौकशीत नौकांच्या पोटातली दशाही पुढे आली. बॅटऱ्या जागेवरून सुटल्या होत्या, शेगड्या निखळल्या होत्या, डबे आणि सामान अंगावर कोसळत होतं. ज्या केबिनमध्ये आसरा घ्यायचा, तीच धोक्याची झाली. आज लांब पल्ल्याच्या शर्यतींचे नियम सांगतात, की बॅटरी, शेगडी, नांगर, पाण्याच्या टाक्या, हत्यारांची पेटी अशा जड वस्तू पक्क्या बांधलेल्याच असल्या पाहिजेत.

मग ठोका ना खिळा!

इथेच तर खरी अडचण आहे. बांधायचं, पण कशाला?

फायबरग्लास म्हणजे काचेचे बारीक तंतू आणि रेझिन नावाचा घट्ट होणारा द्राव. साच्यात तंतूंच्या कापडाचे थरावर थर अंथरतात, त्यात रेझिन मुरवतात. ते वाळलं की हलकं आणि दणकट कवच तयार होतं. आपल्या कोकणातल्या मासेमारीच्या कितीतरी होड्या आज अशाच फायबरच्या असतात.

लाकडात खिळा ठोकला की लाकडाचे धागे बाजूला सरतात आणि खिळ्याला आवळून धरतात. फायबरग्लासचं तसं नाही. खिळा मारला तर रेझिनला तडा जातो. बरं, स्क्रू पिळावा तर छोट्या नौकेचं कवच काही ठिकाणी जेमतेम सहा-सात मिलिमीटर जाड. स्क्रूच्या दोन-चार आट्यांनाच काय ती पकड मिळते. नौका हादरत राहते आणि स्क्रू ढिला होत जातो.

आणि तो आरपार गेला तर? पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर सहा मिलिमीटरचं एक भोक पडलं, तर मिनिटाला साधारण तीन लिटर पाणी आत येतं. ऐकायला थोडं वाटतं ना? तासाभरात एक मोठं पिंप भरतं!

काही नौकांच्या कवचात दोन थरांच्या मध्ये हलकं बाल्सा लाकूड असतं, सँडविचमधल्या भाजीसारखं. एका विसरलेल्या स्क्रूच्या भोकातून त्यात पाणी झिरपत राहिलं की आतलं लाकूड कुजतं. वरून सगळं चकाचक, आतून पोकळ! म्हणजे वस्तू पक्की बसवायची, पण जिच्या जिवावर आपण तरंगतो त्या कवचाला इजा होऊ द्यायची नाही. नौकेतल्या सगळ्या सुतारकामाचं सार एवढंच.

कारागीर काय करतात?

युक्ती सोपी आहे. कवचाला भोक पाडायचंच नाही. त्याला एक लाकडी ठोकळा चिकटवायचा आणि स्क्रू त्या ठोकळ्यात पिळायचा.

आधी जागा ठरवून पेन्सिलने खूण करतात. मग तिथला रंग आणि चकाकी जाड पॉलिश पेपरने घासून काढतात. गुळगुळीत अंगावर गोंद धरत नाही. खरखरीत अंगाच्या बारीक खाचांत तो घुसतो आणि पकड घेतो. मग अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने तेल आणि धूळ पुसतात.

ठोकळ्याची पाठ भिंतीच्या बाकाप्रमाणे घासून घेतात, कडा उतरत्या करतात. कडा उतरत्या का? टणक ठोकळ्याची धारदार कड पातळ कवचावर एकाच रेघेत ताण देते आणि तिथेच चीर पडू शकते. उतरती कड तो ताण पसरवते.

चिकटवायला एपॉक्सी वापरतात. घरी कप जोडायला दोन ट्यूबमधलं अराल्डाइट मिसळता ना, त्याचाच हा भाऊ. त्यात खास पूड घालून ते श्रीखंडाइतकं दाट करतात, म्हणजे उभ्या भिंतीवरून ओघळत नाही. ठोकळा दाबून बसवला की बाजूने बाहेर आलेलं एपॉक्सी गोलसर सारवून घेतात. मग चिकटपट्टीने धरून एक दिवस हात लावायचा नाही. वजन जास्त असेल तर ठोकळ्यावरून फायबरग्लासच्या कापडाची पट्टी रेझिनमध्ये भिजवून चढवतात.

ठोकळा वीस मिलिमीटर जाड, तर स्क्रू पंधराचा. जास्त खोल जाऊ नये म्हणून हुशार कारागीर ड्रिलच्या पात्याला पंधरा मिलिमीटरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळतात. पट्टी लाकडाला टेकली की थांब! स्क्रू मात्र स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचे. साधं लोखंड खाऱ्या हवेत थोड्याच दिवसांत गंजतं आणि भिंतीवर तांबडे ओघळ सोडतं.

एक सांगून ठेवतो. हे काम मोठ्यांचं आहे. फायबरग्लास घासताना काचेची बारीक कुसं उडतात. ती नाकात गेली की त्रास, कातडीला लागली की खाज. म्हणून तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. अ‍ॅसिटोन चटकन पेटतं, त्याच्याजवळ काडीसुद्धा ओढायची नाही.

एका पडद्याला दोन दोऱ्या

आता येऊ आपल्या पडद्याकडे. तो भिंत सोडून लोंबतो, कारण तो फक्त वरून धरलेला असतो. मग खालूनही धरा की!

पडद्याला वर शिवतो तशी खालच्या बाजूलाही दुमड शिवायची. दोन्हींत एकेक लवचीक दोरी ओवायची आणि चार टोकं चार ठोकळ्यांवरच्या हुकांत ताणून अडकवायची. झाला पडदा खिडकीशी बांधलेला! नौका कुठेही कलू दे, तो जागचा हलत नाही. आणि बाजूला सरकवायचा तर दोन्ही दोऱ्यांवरून एकदमच सरकतो.

पडदा हलका असतो, म्हणून काही जण टिचबटणं किंवा वेल्क्रोच्या पट्ट्याही लावतात. कापड मात्र सुती नको. सुती कापड ओलं राहतं आणि त्यावर बुरशी चढते. पॉलिएस्टरसारखं लवकर वाळणारं बरं. आणि शेगडीजवळ पडदा लावायचाच नाही. तो कितीही घट्ट बांधला तरी नाही!

वजन तशी बांधणी

पडद्याला वेल्क्रो चालतं म्हणून सगळ्यालाच चालेल का? नाही. प्रत्येक वस्तूसाठी एकच प्रश्न विचारायचा: नौका आडवी झाली तर ही किती जोराने ओढेल?

पुस्तकांच्या फळीला पुढून उंच कठडा हवा, नाहीतर भूगोलाचं पुस्तक थेट डोक्यावर! कप्प्यांच्या दारांना लोहचुंबक पुरत नाही, कडी लागते. बर्थला बाजूने मजबूत कापडाची झोळी बांधतात, म्हणजे झोपलेला माणूस गडगडत नाही. शेगडी दोन कड्यांवर झुलती ठेवतात. नौका कलली तरी भांडं सपाटच राहतं. पण ती कड्यांतून उडू नये म्हणून वर अडसर लागतोच. बॅटरी पेटीत बसवून पट्ट्यांनी आवळतात.

आणि सगळ्यात पक्का कोण? छताजवळचा धरायचा दांडा. नौका हिसका देते तेव्हा साठ-सत्तर किलोचा माणूस त्याला लोंबकळतो. तिथे गोंदावर भागत नाही. छतातून आरपार बोल्ट घालतात आणि दुसऱ्या बाजूला नटाखाली नुसता वायसर न ठेवता रुंद पट्टी ठेवतात, म्हणजे ओढ मोठ्या जागेवर पसरते. भोकात पाणी जाऊ नये म्हणून सीलंट भरतात.

दिवाडी बेटावरच्या नौका

गोव्यात मांडवी नदीत दिवाडी नावाचं बेट आहे. तिथल्या कारखान्यात 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका तयार झाली. आत लाकूड आणि दोन्ही अंगांनी फायबरग्लास, असं तिचं कवच. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात आली आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन मुंबईहून एकटे निघाले. वाटेत चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये ते परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय! नौका बांधली जात होती तेव्हाही दोंदे त्या कामात होते. आपण ज्या घरात राहणार त्याचा कुठला बोल्ट कुठे आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हादेईची धाकटी बहीण 'तारिणी'. तीही दिवाडीचीच. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून तिच्यातून जगाला फेरी मारली आणि २९ मे २०२५ रोजी त्या परत आल्या. त्यांच्या धैर्याचं कौतुक आपण करतोच. पण प्रत्येक कडी, प्रत्येक पट्टा आवळून बसवणाऱ्या हातांनाही त्यातला थोडा वाटा द्यायला हवा ना?

करून पाहा

बुटांचं एक रिकामं खोकं घ्या. ते आडवं ठेवून एका लांब बाजूला खिडकी कापा. कापताना आई-बाबांना जवळ बोलवा. रुमालाचा छोटा पडदा करून आतल्या बाजूने फक्त वरच्या कडेने दोऱ्यावर टांगा. आता खोकं खिडकीच्या उलट बाजूला हळूहळू कलवा. पडदा भिंत कधी सोडतो ते बघा. मग खालूनही एक दोरा ओवून ताणून बांधा आणि पुन्हा कलवा. फरक दिसला?

आता खोक्यात तुमची 'केबिन' सजवा. काडेपेट्यांचे कप्पे करा, त्यांत पेन्सिलीचे तुकडे, खोडरबर, एखादी गोटी ठेवा. कठडे, कड्या आणि पट्टे तुमच्या कल्पनेने करा. नियम एकच: खोक्याच्या बाहेरच्या बाजूला टाचणीचंसुद्धा भोक पडता कामा नये! सगळं झालं की खोकं आडवं करा, मग सरळ उलटं करा.

किती वस्तू जागेवर राहिल्या ते मोजा. जी पडली, तिला पुन्हा बांधा. नौकेवर निघण्याआधी खलाशी हेच करतात, फक्त खोकं न उलटता, मनातल्या मनात.